बासष्ट घरांची कार्बन-खतावणी

सहकारी बँकेतून लेखापाल म्हणून निवृत्त झालो तेव्हा ठरवलं होतं, आता आकड्यांचं तोंड पाहायचं नाही. ते दीड वर्षं टिकलं.

नागपुरात मानेवाडा रिंग रोडजवळ आमचं लेआउट आहे, बासष्ट घरांचं. फेब्रुवारी 2024 मध्ये हनुमान मंदिराच्या ओट्यावर सभा होती. विषय नेहमीचेच. मोकाट कुत्री, तुंबलेली नाली, रिकाम्या प्लॉटवर माजलेलं गाजरगवत. सगळे उठायच्या बेतात असताना समोरच्या घरातली पोरगी बोलायला उभी राहिली. पर्यावरण अभियांत्रिकी शिकलेली, पुण्याहून नुकतीच परत आलेली. म्हणाली, शहराच्या वातावरण आराखड्यासाठी नागरिकांच्या सूचना घेणार आहेत. सगळे 'झाडे लावा' लिहून देतील. आपण आपल्या लेआउटचा कार्बनचा हिशेब करून देऊ. कोणी मदतीला येतं का?

सगळे चपला शोधायला लागले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हिशेब असेल तर मी आहे."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "एकतीस वर्षं लोकांचे पैसे मोजले, आता लोकांचा धूर मोजा."

दुसऱ्या दिवशी पोरगी लॅपटॉप घेऊन आली. शहरांनी हरितगृह वायूंचा हिशेब कसा मांडायचा याची एक जागतिक पद्धत आहे, 2014 मध्ये आलेली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला जीपीसी म्हणतात. ते जाडजूड प्रकरण तिने मला एका चहात सांगितलं. आधी हद्द आखायची. हद्दीच्या आत जे जळतं, म्हणजे गॅस, पेट्रोल, डिझेल, ते पहिल्या स्कोपात. बाहेरून तारेने येणारी वीज दुसऱ्यात. आपल्यामुळे पण हद्दीबाहेर जे घडतं, उदाहरणार्थ आपला कचरा दुसरीकडे जाऊन कुजतो, ते तिसऱ्यात. मला हे चटकन समजलं. शाखेचा व्यवहार, आंतरशाखा व्यवहार आणि मुख्य कार्यालयाच्या खात्यातली नोंद, असंच होतं ते. हिशेबात चोरी होते ती बेरजेत नाही, एकच रक्कम दोन खात्यांत दाखवण्यात किंवा कुठेच न दाखवण्यात होते. तिला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "काका, पुस्तकात हेच वीस पानं लिहिलंय."

मला एक शंका मात्र छळत होती. चैत्रात आम्ही दोघं कोराडीला जगदंबेच्या दर्शनाला गेलो. गाडीतून उतरलं की आधी दिसतात त्या वीज केंद्राच्या चिमण्या. 660 मेगावॉटचे तीन संच तिथे चालतात. जरा पलीकडे खापरखेडा, 1340 मेगावॉटचं. आमच्या बासष्ट घरांचे सगळे स्कूटर वर्षभर एकाच जागी चालू ठेवले तरी त्या चिमणीला ढेकर यायचा नाही. मग हा धूर कोणाच्या नावे टाकायचा?

पोरगी म्हणाली, नागपूरच्या नावे नाही. एक तर कोराडी महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. आणि हद्दीत असती तरी ग्रिडला, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्याला, वीज देणाऱ्या केंद्राचा धूर वेगळा दाखवायचा, शहराच्या बेरजेत धरायचा नाही. कारण तीच वीज पुढे कोणाच्या तरी मीटरवर येते आणि तिथे मोजली जाते. दोनदा मोजून चालत नाही. आपल्या नावे फक्त आपल्या मीटरवर फिरलेलं युनिट. त्याला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा गुणक लावायचा, एका युनिटला साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. हा गुणक अख्ख्या देशाच्या ग्रिडचा एकच.

लेखापाल म्हणून मला पटलं. नागपूरकर म्हणून नाही पटलं. राख आमच्या अंगणात उडणार, कोळसा आमच्याच जिल्ह्यातून निघणार, आणि वहीत आम्ही आणि धरणाशेजारी राहणारा माणूस सारखेच. पण नियम तो नियम. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: कोराडी, खापरखेडा – या खात्यात नाही.

विजेचं काम सोपं निघालं. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचे उभे खांब छापलेले असतात, म्हणजे घरागणिक एक बिल मिळालं की वर्ष मिळालं. बिलं मिळवणं तेवढं सोपं नव्हतं. वीजबिल म्हणजे लोकांना बँकेचं पासबुक वाटतं. "काकाजी, इन्कम टॅक्सवाले तर नाही ना पाठवले तुमाले?" असं एकाने थट्टेत विचारलं, आणि बिल काही दिलं नाही. शेवटी बायको हळदीकुंकवाच्या ओळखीवर पाच घरांतून बिलं घेऊन आली. आठ घरांची मिळालीच नाहीत. तिथे लेआउटची सरासरी धरली आणि तसं बाजूला लिहून ठेवलं.

ते खांब पाहणं हाच एक धडा होता. जानेवारीत बुटके, एप्रिलपासून चढते, मेमध्ये आकाशाला, आणि गंमत म्हणजे काही घरांत जूनमध्येही खाली न येणारे. नागपूरच्या माणसाला कारण सांगावं लागत नाही. होळी झाली की आमच्याकडे कूलर निघतात. वर्षभर जिन्याखाली पडलेला पत्र्याचा डबा बाहेर काढायचा, जाळीत नवी वूडवूल भरायची, पंप चालतो का पाहायचा, पंख्याला तेल द्यायचं, आणि पहिल्या दिवशी त्या ओल्या वासात झोपायचं. कोरड्या उन्हात दोनशे वॉटच्या आसपासचा हा डबा जे करतो ते दीड टनाचा एसी दीड हजार वॉट ओढून करतो. पण पावसाचे ढग आले, हवेत दमटपणा आला की कूलर नुसता घाम आणतो. त्या पंधरा-वीस दिवसांसाठी लोक एसी घेतात. आणि एकदा घेतला की मार्चपासूनच लावतात. जूनमध्ये न पडणारे खांब सात घरांचे होते. सातही घरी एसी.

एका घराने मला चक्रावून टाकलं. त्यांच्या बिलावर दोन आकडे, आयात आणि निर्यात. छतावर सोलर, तीन किलोवॉटचं. त्याच सुमारास पंतप्रधान सूर्यघर योजना आली होती, तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान, त्यामुळे लेआउटात चौकशी करणारे वाढले होते. मी निर्यातीची युनिटं उणे करून मोकळा झालो. पोरगीने कान धरला. निर्यात वजा करायची नाही, वेगळ्या रकान्यात दाखवायची, ते दुसऱ्याच्या मीटरवर गेलेलं युनिट आहे. म्हणजे ठेव आणि कर्ज एकमेकांत वळते करून ताळेबंद लहान दाखवायचा नाही. हे मी तिला शिकवायला हवं होतं.

विजेवरच्या चार स्कूटरांच्या बाबतीतही तोच घोटाळा केला होता. घरच्या बिलातही धरल्या आणि वाहनांतही. ते मात्र माझं मला सापडलं.

गॅस अर्ध्या दिवसात झाला. 14.2 किलोच्या एका सिलिंडरमागे साधारण 42 किलो कार्बन डायऑक्साइड. वर्षाला सिलिंडर किती, हे घरातल्या बाईला तोंडपाठ असतं. पुरुषांना विचारू नये, ते "दोन महिन्याला एक" असं ठोकून देतात.

वाहनांनी जीव काढला. आधी वाटलं, कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर विक्री विचारू. तिथल्या मॅनेजरने हात जोडले, "काका, आकडे सांगाले परवानगी नाही जी." आणि सांगितले असते तरी तिथे भरलेलं पेट्रोल उमरेड रोडने कुठवर जाऊन जळतं कोणास ठाऊक. मग घरोघर जाऊन प्रत्येक गाडीचं किलोमीटर रीडिंग टिपलं आणि महिन्याने पुन्हा टिपलं. नेमका नवतपा लागलेला. 30 मे रोजी दुपारी सगळ्यांच्या मोबाइलवर बातमी धडकली, रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने 56 अंश नोंदवलं! गल्लीतली पोरं ओरडत सुटली. नंतर हवामान खात्याने सांगितलं की त्या केंद्राचा सेन्सरच बिघडलेला होता, आकडा चुकीचा. मी मात्र त्या दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून एकेका स्कूटरपुढे वाकून रीडिंग वाचत होतो, आणि मला 56 अजिबात खोटा वाटला नव्हता.

एकशे चार दुचाक्या निघाल्या, एकतीस मोटारी. मोटारी एक तृतीयांशाहून कमी, पण पेट्रोल अर्ध्याहून जास्त त्यांनी प्यायलेलं. लिटरला 2.3 किलो. 'आपली बस', म्हणजे महापालिकेची शहर बस, किती जण वापरतात हेही विचारलं होतं. सहा. मेट्रोच्या स्टेशनापर्यंत जायला कशाने जाता, तर गाडीने.

आता कचरा. या विषयावर मला सगळ्यात कमी आशा होती आणि सगळ्यात जास्त लिहायचं आहे.

पोरगी म्हणाली, आठवडाभर प्रत्येक घराचा ओला कचरा मोजायचा. भंगारवाल्याकडे असतो तसा हुकाचा काटा आणला आणि सकाळी कचरागाडीच्या आधी गेटावर उभा राहिलो. पहिल्या दिवशी गाडीवरचा पोरगा हसत सुटला. "काकाजी, कचरा कायले मोजून राह्यले? सोनं सापडलं का?" तिसऱ्या दिवशी तोच बादल्या काट्याला अडकवून द्यायला लागला, आणि पाचव्या दिवशी न पाहता वजन सांगायला लागला. "हे दीड किलो, यांच्याकडे पाहुणे आले आहेत." काटा पाहिला तर दीडला पन्नास ग्रॅम कमी. बँकेत असा रोखपाल असता तर मी सुखाने निवृत्त झालो असतो.

घरामागे दिवसाला सरासरी 800 ग्रॅम ओला कचरा निघाला. कोहळ्याच्या साली, संत्र्याच्या साली, उरलेला भात, चहाचा चोथा. वर्षाला अठरा टन. आता हा कचरा ढिगात दबला, हवा लागली नाही, की त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन म्हणजे 28 किलो कार्बन डायऑक्साइड. आयपीसीसी या हवामान बदलावरच्या जागतिक तज्ज्ञ मंडळाच्या ठरलेल्या गुणकांनी, सगळा कचरा उंच उघड्या ढिगावर गेला असं धरून गणित केलं तर एक टन अन्नाच्या कचऱ्यामागे टनाहून थोडं जास्तच येतं. अठराचे वीस टन झाले. भांडेवाडीच्या कचरा डेपोला गेलेला सगळाच माल ढिगावर पडून राहत नाही, काहीवर प्रक्रिया होते, म्हणून तळटीप टाकली की हा वरचा आकडा आहे.

तरीही मी ते पान दोनदा तपासलं. कारण बासष्ट घरांच्या सगळ्या सिलिंडरांचा आकडा आला होता एकवीस टन. म्हणजे भाजी शिजवायला जेवढं, जवळजवळ तेवढंच तिच्या साली फेकायला!

अख्खी बेरीज अशी आली: वीज 94 टन, गॅस 21, गाड्या 53, कचरा 20. एकूण 188 टन, माणशी पाऊण टनाच्या आसपास. मुंबईने मार्च 2022 मध्ये आपला आराखडा काढला, त्यात ऊर्जा 72 टक्के, वाहतूक 20 आणि कचरा 8 टक्के आहे. आमच्याकडे ऊर्जा, म्हणजे वीज आणि गॅस मिळून, 61, वाहतूक 28, कचरा 11. मुंबईत लोकल आहे आणि आमच्याकडे प्रत्येक घरात दोन स्कूटर, हे सांगायला टक्केवारीची गरज नव्हती, पण जुळलं म्हणून बरं वाटलं.

एका काकूंना मात्र मी दुखावलं. आमच्या शहरात पौर्णिमेच्या रात्री तासभर दिवे बंद ठेवायचा चांगला उपक्रम झाला आहे, आणि काकू तो श्रद्धेने पाळतात. त्यांनी विचारलं, माझे किती वाचले? मी जागच्या जागी गणित केलं. नऊ वॉटचे आठ दिवे, एक तास, बहात्तर वॉट-तास, म्हणजे पन्नास ग्रॅम. काकू म्हणाल्या, "फक्त?" नंतर बायकोने समजावलं की काही प्रश्नांचं उत्तर आकड्यात द्यायचं नसतं. खरं आहे. त्या एका तासात लेआउटातली पोरं गच्चीवर येतात, ते कुठल्या रकान्यात लिहू?

ऑगस्टमध्ये हिशेबाची फाइल घेऊन आम्ही ती द्यायला गेलो. कुठल्या कार्यालयात ते सांगत नाही. आवक टेबलावरच्या माणसाने विषय वाचला आणि म्हणाला, धूर म्हणजे आरोग्यकडे द्या. आरोग्यने विजेचं पान पाहून विद्युत विभागाकडे पाठवलं. विद्युतने सांगितलं, आमच्याकडे फक्त रस्त्यावरचे दिवे. पावणेतीन तासांनी एका ठिकाणी शिक्का मिळाला. बँकेत मीही लोकांना असंच फिरवलं असणार, ते त्या बाकावर बसून आठवत होतो.

सूचनांच्या बैठकीत आमचा नंबर शेवटचा. आधीच्या बहुतेक लोकांना 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटेबद्दल बोलायचं होतं. अंबाझरी ओसंडली, नाग नदी वस्त्यांत शिरली, लोकांच्या पलंगापर्यंत पाणी आलं, ती पहाट. एक गृहस्थ म्हणाले, "कार्बन-बिर्बन मंग पाहू साहेब, आधी नदीतले अडथळे काढा." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. ज्याच्या घरात गाळ शिरला त्याला देशाचं 2070 चं शून्य उत्सर्जनाचं ध्येय काय सांगणार? मार्च 2022 पासून नगरसेवकही नव्हते, सगळं प्रशासकाच्या हाती, त्यामुळे लोकांना जो कोणी खुर्चीवर बसलेला दिसला त्याच्यावर वर्षांचं साचलेलं निघत होतं.

आमची पाळी आली तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत होत्या. पोरगीने छान मांडलं. समोरच्या अधिकाऱ्याने कागद शांतपणे वाचले, हे मला आवडलं. मग पेन्सिलने एकेका आकड्यापुढे लिहीत गेला. 94 पुढे: महावितरण. 21 पुढे: तेल कंपन्या. 53 पुढे: परिवहन, थोडी आपली बस. 20 पुढे त्याने काही लिहिलं नाही, नुसती रेघ मारली.

"हे आमचं," म्हणाला.

बाहेर व्हरांड्यात तो जरा मोकळा झाला. "काका, आराखडा शहराचा करायचा, पण आमच्या हाती काय? रस्त्यावरचे दिवे, पाण्याचे पंप, बस, कचरा. नकाशे मंजूर करणं आहे म्हणा, नव्या बिल्डिंगला छतावर काय लावायचं ते सांगू शकतो. बाकी सगळ्यांना पत्र लिहायचं." पेंचचं पाणी शहरभर चढवायला किती वीज लागते ते तो सांगायला लागला आणि त्याचा फोन वाजला.

परत येताना रिक्षात पोरगी नाराज होती. मला मात्र पहिल्यांदा सगळी वही नीट वाचता आली. आम्ही रकाने धुराच्या जातीप्रमाणे पाडले होते. त्याने पेन्सिलने पाडले ते कळ कोणाच्या हातात आहे त्याप्रमाणे. ताळेबंदात रक्कम मोठी कुठली ते पाहतात, पण वसुलीला निघालेला माणूस आधी हे पाहतो की दार कोण उघडेल. वीस टन हा सगळ्यात लहान आकडा होता, आणि त्यात महापालिकेच्या आधी आमचीच दारं होती.

रिक्षावाला आरशातून बघत होता. म्हणाला, "कचऱ्याचं बोलून राह्यले ना? आमच्या वस्तीत तर गाडीच तीन दिवसाआड येते."

पुढच्या महिन्यात एकोणीस घरांनी खताचे डबे ठेवले. एकोणीस म्हणजे थोडे, पण पहिल्या सभेत मदतीला मी एकटा होतो. आमच्या डब्यात पहिल्या पंधरवड्यात अळ्या झाल्या, वास सुटला, बायकोने डबा आणि मला दोघांनाही गच्चीवर हलवलं. वाळलेला पाला कमी पडत होता. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर कडुनिंबाचा पाला कुजत होता तो गोणी भरून आणला आणि वास गेला. दिवाळीनंतर पहिलं खत चाळलं. काळं, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीसारखं. कचरागाडीवरचा पोरगा एकोणीस घरांपुढे आता थांबत नाही, नुसती शिट्टी मारून पुढे जातो.

माझ्या घराचा ओला कचरा दिवसाला नऊशे ग्रॅम होता. म्हणजे, टनामागे टनाहून थोडं जास्त या हिशेबाने, वर्षाला 370 किलो कार्बन डायऑक्साइड माझ्या खात्यातून कमी. वहीत ते लाल शाईने लिहिलं.

मे 2025 मध्ये मुलगा, सून आणि दीड वर्षाची नात महिनाभर राहायला आली. तिच्या पाठीवर घामोळं उठलं. कूलरच्या दमट वाऱ्याने आणखी चिडचिडली. मुलाने मला न विचारता एसी मागवला, दीड टनाचा, पाच ताऱ्यांचा. मी काही बोललो नाही. ती पोर त्या रात्री पहिल्यांदा सलग झोपली आणि आम्हीही. ते परत गेले. एसी राहिला, आणि जूनभर आम्ही दोघं त्याच खोलीत झोपलो.

परवा बिल आलं. जूनचा खांब खाली पडलेला नाही. रात्रीची आठ युनिटं, साठ रात्री, 480 युनिटं, 340 किलो. पोरगी नव्या वर्षाचा हिशेब सुरू करायचा म्हणून रविवारी येणार आहे. लेआउटात एसीची घरं सातची अकरा झाली आहेत. मी माझ्या घराचं पान उघडलं, लाल शाईतल्या 370 च्या समोर निळ्या शाईने 340 लिहिलं, आणि बिल घडी करून वहीत ठेवलं.